एकशे सत्तेचाळिसावी बाटली

चौथ्या डोक्याला तिसरी भुवई फुटली आणि लामिलेचा हात हवेतच थांबला. ओकपोतीच्या सलूनची पाटी होती. सहा डोकी, सहा तऱ्हांचे केस, प्रत्येक डोक्याखाली नंबर. गिऱ्हाइकाने आत येऊन नुसतं ‘चार’ म्हणायचं आणि खुर्चीत बसायचं. तीन डोकी गुमान उतरली होती. चौथ्याची भुवई ओढताना तो आवाज आला. मोठा नव्हता. रिकाम्या बाटलीच्या तोंडाशी कुणी ओठ नेऊन फुंकर सोडत राहावं तसा एकच सूर. चढत नव्हता, उतरत नव्हता. ऊंऽऽ. एरवी अक्रा शहरात भर दुपारी असला बारीक सूर कुणाच्या कानावर पडला असता तर आधी त्याचाच कान तपासावा लागला असता. पण पेरणी झाली होती, आवाजबंदीचा चौथा दिवस होता. देवाच्या वाफ्यात मका पेरला की पुढचा महिनाभर गा जमातीच्या लोकांच्या वस्त्यांत ढोल नाही, टाळी नाही, लाउडस्पीकर नाही, मेलेल्या माणसासाठी गळा काढणं नाही. मका असतो चार पावलांच्या वाफ्यात, आणि त्याची झोप मोडू नये म्हणून सगळी वस्ती चपला हातात घेऊन चालल्यासारखी जगते. टोमॅटोवाल्या बायका भांडतात त्यासुद्धा एकमेकींच्या कानात.

“ताई, ह्या माणसाला काय झालं?” ओकपोती मागे येऊन उभा राहिला होता.

“वाऱ्याने हात हलला.”

“वारा भुवया काढतो होय? मग पाटी त्यालाच द्यायला हवी होती रंगवायला.” त्याने मान तिरकी केली. “आणि हे वाजतंय काय?”

“तळ्याकडून येतंय,” लामिले म्हणाली. “माझ्या बाटल्या असतील.”

“त्या बंद केल्यात ना सगळ्यांनी? मी माझी स्वतः केली. रांगेत शेवटची, दोनशे अकरावी. बूच असं ठोकलंय की आता काढायला बैल लागेल.”

“दोनशे बारा आहेत.”

“मग?”

“मग एक राहिली असेल.”

असं म्हणून तिने फडकं रॉकेलमध्ये बुडवलं आणि भुवई पुसायला घेतली. पुसली तेव्हा चौथं डोकं आत्ताच रडून उठल्यासारखं दिसायला लागलं. ओकपोतीने ते बराच वेळ पाहिलं आणि म्हणाला, राहू दे, असेही येतात माझ्याकडे. ती ब्रश धुवायला खाली बसली. मधे थांबल्यासारखा वाटलेला आवाज परत सुरू झाला होता.

एक राहिली असेल, असं ती मोघम म्हणाली खरी, पण कुठली राहिली ते तिला ठाऊक होतं. एकशे सत्तेचाळीस. समुद्राला लागून जे खारं तळं आहे त्याला वस्तीत आजी म्हणतात. लाडाने नव्हे, ती देवीच आहे, रुसते, फुगते, तिला पुजारी आहे. आणि तिला सगळ्यात जास्त घाण केली ती तिच्या भक्तांनी. नवस फेडायला यायचं, हिरव्या चौकोनी बाटलीतली दारू पाण्यात ओतायची, आणि रिकामी बाटली घरी कशाला न्यायची म्हणून तीही आजीलाच वाहायची. साठ-सत्तर वर्षांचे नवस गाळात रुतून बसले होते. दोन वर्षांपूर्वी लामिलेचा पाय त्यातल्या एकावर कापला. टाके पडले, आणि टाके निघायच्या आत तिला कल्पना सुचली. परदेशातल्या एका संस्थेचा फॉर्म होता. त्यात प्रश्न होता, ह्या कलाकृतीतून लोकांचं निसर्गाशी नातं कसं जुळेल? तिने लिहिलं, प्रत्येक घर एक बाटली गाळातून स्वतः काढेल, धुईल, आवडेल तो सूर लागेपर्यंत तीत तळ्याचं पाणी भरेल, आपला एक श्वास तीत सोडेल आणि खुंटावर वाऱ्याकडे तोंड करून बांधेल. त्याच खुंटाच्या पायाशी खारफुटीचं एक रोप लावेल आणि जगवेल. फॉर्ममध्ये अजून दीड ओळ जागा उरली होती. रिकामी बरी दिसत नव्हती म्हणून तिने घातलं, एकाच्या बाटलीला दुसऱ्याने हात लावायचा नाही. संस्थेच्या बाईला सगळ्यात जास्त हीच ओळ आवडली. व्हिडिओवर बोलताना त्या बाईच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

“नातं?” आई म्हणाली होती. “चाळीस वर्षं मी त्या पाण्यातल्या माशांना धूर देतेय. डोळे गेले माझे. अजून काय नातं पाहिजे त्याला, लग्न लावतेस का?” आईचं नाव आडोले. मासे धुरावायच्या तीन मातीच्या चुली, त्यांच्यावर जाळ्या, आणि त्या सगळ्याला पुरून उरणारं तोंड. लामिलेने शाळेत पहिलं चित्र काढलं तेव्हा आईने ते मासे बांधायला वापरलं होतं, आणि गिऱ्हाईक ते बघून हसलं तेव्हा त्याच्याशी भांडून मासे परत घेतले होते. पण बाटल्या काढायच्या दिवशी गाळात सगळ्यात आधी उतरली ती आईच. लुगडं कमरेला खोचून मांड्यांपर्यंत आत. सहा बाटल्या वर काढल्या आणि सहाही परत फेकल्या. “ही पास्टरच्या घरची. लपून नवस करतो मेला.” सातवी ठेवली, तोंडाला टवका उडालेली. बाकीच्या बायका गोड सूर लागावा म्हणून थेंब थेंब पाणी घालत होत्या. आईने भरलेली बाटली भसकन अर्धी रिकामी केली आणि ती जाड, घोगरी बोलायला लागली. “असा कसा गं सूर?” “माझा असाच आहे.” श्वास सोडायची वेळ आली तेव्हा कुणी आमेन पुटपुटलं, कुणी मुलाच्या परीक्षेचं सांगितलं. आई बाटलीला तोंड लावून बराच वेळ काहीतरी बोलत राहिली. लामिलेने विचारलं, काय बोललीस एवढं? आई म्हणाली, “तुझ्याशी नव्हते बोलत.”

संध्याकाळी वारा फिरला की तळं बोलायला लागायचं. दोनशे बारा बाटल्या. लोक काठावर येऊन उभे राहायचे आणि आपापली बाटली ओळखायचे. ती बघ आपली, ती बघ काकूची, कुरकुरतेय नेहमीसारखी. बगळे परत आले होते. रोपांना तिसरं पान फुटलं होतं. एका म्हाताऱ्याने सांगितलं की त्याची बाटली त्याच्या मेलेल्या भावासारखी खोकते, आणि दुसऱ्या दिवशी तो तिच्यासमोर केंके, म्हणजे आंबवलेल्या मक्याच्या पिठाचा उकडलेला गोळा, आणि तळलेला मासा ठेवून आला. संस्थेला पाठवायच्या अहवालात हे कुठल्या रकान्यात घालायचं ते लामिलेला कळलं नव्हतं. पेरणीच्या आदल्या संध्याकाळी, रविवारी, सगळ्यांनी येऊन आपापली बाटली बंद करायची असं ठरलं. दाणे काढलेल्या मक्याच्या कणसाचे तुकडे बूच म्हणून. लोक रांगेने गाळात उतरले, एकेक सूर विझत गेला, आणि शेवटी एकटी ती घोगरी राहिली. आई चुलीपाशी होती. “आज जाळीवर मासे आहेत. उद्या पहाटे येऊन बंद करीन.” लामिले चिडली. सगळं गाव करतंय, तुझ्या एकटीपायी सगळ्यांना दंड बसेल, आयुष्यात एकदा तरी सगळ्यांबरोबर काही करशील का? “माझी बाटली आहे ना?” आईने मासा उलटला. “तुझाच नियम. कुणी हात लावायचा नाही. मी येऊन बंद करते म्हटलं ना, म्हणजे येते.” तेव्हा लामिले जे काही म्हणाली ते तिला नंतर आठवायचं नव्हतं. ‘तू नेहमीच उशिरा येतेस,’ असं काहीतरी.

सोमवारी सकाळी आई चुलीपाशी स्टुलावर बसलेली सापडली. मान भिंतीला टेकलेली, हातात चिमटा, जाळीवरचे मासे कोळसा झालेले. लामिलेच्या छातीतून टाहो उठला तो गळ्यापर्यंत आला, आणि तिथेच शेजारणीचा तळवा तिच्या तोंडावर घट्ट बसला. खाऱ्या पिठाचा वास असलेला ओला तळवा. “नको गं बाई, नको. पेरणी झालीय सकाळीच.” टाहो मागे फिरला. कुठे गेला कोण जाणे. चौघींनी मिळून, एकही भांडं न वाजवता, आईला बाहेर आणलं. बंदीत अंत्यविधी होत नाहीत. आईला शवागाराच्या थंड खणात ठेवलं, महिन्यानंतरचा नंबर घेतला, आणि गुरुवारी लामिले ओकपोतीची पाटी रंगवायला गेली. तळ्यावर ती गेली नव्हती. आपण जाऊन बाटली बंद केली की आई यायचं कारणच संपलं, असं काहीतरी तिच्या मनात होतं. शब्दांत आणलं तर हसू येईल म्हणून ती ते शब्दांत आणत नव्हती.

शुक्रवारी लारबीकाका आला. वस्तीच्या शांतता समितीचा प्रमुख. काखेत वही, हातात फोन, डाव्या हाताची करंगळी गळासारखी वाकडी. पासष्ट वर्षांत बंदीच्या महिन्यात आपल्या तोंडून आवाज गेला नाही, असं तो शपथेवर सांगायचा. शिंक आली तर उशीत शिंकतो म्हणे. मागच्या वर्षी त्याने अकरा लाउडस्पीकर, दोन ढोल आणि एक पोपट जप्त केला होता. तो दारातच वाकून कुजबुजला, “लामिले, पोरी, आईचं ऐकलं. वाईट झालं. हळू आवाजात वाईट झालं.” मग त्याने फोन पुढे धरला. त्यात आवाज मोजायचं यंत्र होतं. “बघ. काटा हलतोय. सगळ्या गल्लीत मोजत आलो. इथे सगळ्यात जास्त.”

“वारा तळ्याकडून थेट ह्या गल्लीत येतो, काका.”

“ते मला नको सांगू. अठ्ठावीस तक्रारी आहेत. गल्लीतल्या टेटेच्या बायकोला झोप नाही. पुजारी म्हणतो मका उलटा उगवेल. एक बूच मारायचं तर आहे, जाऊन मार ना.”

“नियम आहे. ज्याची बाटली त्यानेच.”

“मालकीण थंड खणात आहे, बाई!”

“नियमात तसं काही लिहिलेलं नाही.”

लारबीकाकाने डोळे मिटून घेतले. ओरडता येत नसलं की माणूस कुठल्याकुठल्या अवयवाने ओरडतो. त्याचे कान थरथरत होते. तेवढ्यात त्याच्या हातातला फोन वाजला. भजन होतं, ढोलासकट, पूर्ण ताकदीने. त्याने फोन छातीशी दाबला, मांडीखाली घेतला, शेवटी दारातल्या कणकेच्या घमेल्यात खुपसला आणि वरून दोन्ही हातांनी दाबून धरला, जणू कुणाचा जीव घेतोय. गल्लीतल्या खिडक्यांतून डोकी बाहेर आली आणि परत आत गेली. बोटांना चिकटलेली कणीक पुसत तो म्हणाला, “मंगळवारी दुपारी बारा. तोवर आवाज थांबला नाही तर कोयतेवाले घेऊन येतो. सगळे खुंट काढणार. एकशे सत्तेचाळीस वेगळा काढत बसायला वेळ नाही.”

“काका, रोपं खुंटांना बांधलीयत. सगळी उपटली जातील.”

“म्हणून तर मंगळवार दिला. नाहीतर आज आणले असते.”

तो गेला आणि लामिले घमेल्यापाशी बसून राहिली. दोनशे बारा घरं. दीड वर्ष. तिसरं पान. संस्थेचं तिला काही वाटत नव्हतं, ती बाई कशानेही रडली असती. पण उतारवयात गुडघाभर गाळात उतरून रोपाला काडी बांधणाऱ्या बायका होत्या, त्यांना काय सांगायचं? माझ्या आईने येते म्हटलंय, म्हणून तुमचं जंगल गेलं? तिने दुपारचा केंके पानातून सोडवून खायला घेतला. मक्याचं आंबूस पीठ, वर काळी मिरचीची चटणी, आईने सगळ्यात शेवटी धुरावलेला एक मासा. खात असताना गल्ली अगदी शांत वाटली. आवाज गेला की काय, म्हणून ती घास गिळून कान देऊन बसली. आवाज होता.

रविवारी चर्चमध्ये तो आवाज तिच्या आधी जाऊन बसल्यासारखा होता. बंदीत पास्टर ओठ हलवून प्रवचन करतो आणि भक्त टाळ्या वाजवायच्या जागी हात हवेत हलवतात. लांबून बघणाऱ्याला वाटावं आत सगळे बुडतायत. लामिले मागच्या बाकावर बसली. प्रार्थनेला सगळ्यांनी माना खाली घातल्या, आणि त्या शांततेत तो सूर जमिनीवरून पाणी सरकावं तसा बाकांखालून पुढे गेला. एकेक मान वर आली. एकेक मान वळली. तळं चर्चच्या डाव्या अंगाला आहे. डाव्या अंगाच्या खिडक्या बंद होत्या. लोक खिडक्यांकडे बघत नव्हते, मागच्या बाकाकडे बघत होते. लामिलेनेही मागे वळून पाहिलं. मागे भिंत होती. तिच्या शेजारची बाई हळूच एक हात लांब सरकली, मग दोन हात, मग उठून दुसऱ्या बाकावर गेली आणि तिथून लामिलेकडे बघून असं हसली की जसं आजारी माणसाकडे बघून हसतात. सगळ्यांना माझ्या बाटलीचा राग आलाय, लामिलेला वाटलं. तिला लाज वाटली, आणि लाजेखाली आणखी काहीतरी होतं, थंड, जे तिने उचलून पाहिलं नाही. वाटेत तिने तळ्याकडे बघायचं टाळलं. लहानपणी आईशी भांडण झालं की ती अशीच घराकडे न बघता घरावरून पुढे जायची, आणि आई न हाक मारता चुलीवरचा मासा वाऱ्याच्या बाजूला सरकवायची. वास बरोबर कोपऱ्यावर गाठायचा.

सोमवारी ती आईला विचारायला गेली. म्हणजे तिने स्वतःला सांगितलं, कागदावर सही राहिलीय म्हणून जातेय. शवागाराचा रखवालदार स्वेटर घालून रेडिओला कान लावून बसला होता. रेडिओ बंद होता. त्याने खण ओढला. आईच्या भुवयांवर दव होतं. तोंड घट्ट मिटलेलं. एवढं मिटलेलं तोंड तिने जन्मात पाहिलं नव्हतं. आई, तू येतेस की मी करू? असं ती मनातल्या मनात म्हणाली. आणि आवाज आला, भिंतींच्या पत्र्यावर आपटून दुप्पट झालेला. ऊंऽऽ. रखवालदाराने मान वर केली नाही.

“इथे गुणगुणायचं नाही, बाई.”

“मी नाही गुणगुणत.”

“पहिल्या आठवड्यात सगळे तेच म्हणतात.”

तिला वाटलं तो खणांतल्या लोकांबद्दल बोलतोय. ती मागे न बघता बाहेर आली. बाहेर ऊन होतं, रस्ता होता, तांदूळ विकणारी बाई होती, आणि आवाज तिच्या पावलांबरोबर आला, कुत्रं येतं तसा, ना पुढे, ना मागे.

मंगळवारी समुद्रात कुणी जात नाही, त्यामुळे होड्या काठावर उपड्या होत्या आणि त्यांच्यावर चार कोयतेवाले बसले होते. मांड्यांवर कोयते, हातात भाजलेलं केळं. ओहोटी लागली होती, तळ्याने गाळ उघडा टाकला होता. बाराला पाऊण तास होता. लारबीकाका इस्त्रीचा पांढरा सदरा घालून आला होता, जप्तीला घालायचा तोच. “चल,” तो कुजबुजला. “मी साक्षीदार. तू बूच मार, मी वहीत लिहितो, ही मंडळी केळी खाऊन घरी जातात.”

खुंटांच्या रांगांतून ते आत शिरले. हिरव्या बाटल्या, तोंडात कणसाचे बोळे, गप्प. एवढ्या जवळून गप्प बसलेल्या दोनशे बाटल्या बघितल्या की त्या आपलंच बोलणं थांबवून बसल्यात असं वाटत होतं. सूर मात्र होताच. साठाव्या खुंटापाशी लारबीकाका गुडघ्यापर्यंत गेला. सत्तराव्यापाशी मांडीपर्यंत. मग तो जिथे होता तिथेच राहिला आणि हळूहळू बुटका व्हायला लागला. “वाचवा,” तो कुजबुजला. मग जरा जोर लावून, पण कुजबुजूनच, “अरे वाचवा!” त्याने काठाकडे दोन्ही हात हलवले. कोयतेवाल्यांनीही केळं धरलेले हात हलवले. लामिलेने वही आधी घेतली, मग त्याला काखेत धरून ओढलं. गाळाने बराच विचार केला आणि एक बूट ठेवून घेऊन म्हातारा परत दिला. “हे कुठे बोलू नकोस,” तो म्हणाला. एका पायात बूट, एक पाय अनवाणी, असे ते पुढे निघाले.

एकशे सत्तेचाळीस सगळ्यात आतल्या रांगेत होती, आईने मुद्दाम घेतलेली जागा, जिथून तिच्या चुलींचा धूर दिसायचा. लामिले खाली बघतच गेली. आधी रोप दिसलं, मग खुंट, मग काथ्याची गाठ. मग तिने मान वर केली.

बाटलीला बूच होतं.

कणसाचा तुकडा धुराने काळा पडलेला, आईच्या चुलीपाशी पडलेले असायचे तसला. तो ढिला बसू नये म्हणून त्याला चिंधी गुंडाळली होती. निळी, पिवळ्या माशांची. आईच्या कामाच्या लुगड्याची. खुंटाभोवती गाळात पावलांचे खड्डे होते, आठवड्याच्या भरतीने पुसत आणलेले, पण होते. येताना आणि जाताना. सोमवारी पहाटे आली होती. सगळं गाव झोपेत असताना आली, बंद केली, परत गेली, चूल पेटवली आणि बसली.

“ही तर बंद आहे,” लारबीकाका म्हणाला. त्याने बाटलीला कान लावला. खुंटाला लावला. शेजारच्या बाटलीला लावला. मग तोंड न मिटता तो लामिलेभोवती हळूहळू एक चक्कर फिरला, जसं लोक विजेचा खांब वाजतो का ते बघतात, आणि शेवटी त्याने तिच्या पाठीला, दोन खांद्यांच्या मधे, कान लावला. बराच वेळ तसाच वाकून राहिला.

“पोरी,” तो म्हणाला, “हे तुझ्यात वाजतंय.”

तिने गळ्यावर हात ठेवला. गळा जुन्या फ्रीजसारखा थरथरत होता. किती दिवस? सलूनमध्ये, चर्चमध्ये, खणासमोर. तिला शेजारणीचा तळवा आठवला, त्याच्यावरचं खारं पीठ, आणि मागे फिरलेलं ते काहीतरी. ते कुठे गेलंच नव्हतं. दाराशी उभं राहून मिटल्या तोंडाने वाजत होतं.

“थांबव.”

“मी करत नाहीये, काका.”

“मग कोण करतंय? मी वहीत काय लिहू? बाई वाजतेय?” त्याने घड्याळ बघितलं. “हद्दीबाहेर गेलीस तर रडता येतं. नदीपलीकडे. जा, मोकळी हो, ये. दोन तास लागतील बसने.” काठावर कोयतेवाल्यांनी केळ्यांची सालं फेकली आणि ते उभे राहिले. बाराला दहा कमी होते. “अगं, मला त्यांना ओरडून थांबवतासुद्धा येणार नाही!”

लामिले बाटलीकडे बघत होती. आत अर्ध्यावर पाणी, वर चार बोटं रिकामी जागा. त्या चार बोटांच्या जागेत आईचा श्वास होता, बूच मारताना शेवटचं जे काही ती बोलली असेल त्याच्यासकट. आईचं बाकी सगळं थंड खणात होतं. गरम असं एवढंच. आपला सूर हिच्यात सोडायला बूच काढलं की वारा ते घेऊन जाणार, आणि वारा काही कुणाच्या घरी नेऊन देत नाही. नाही काढलं तर कोयते. पहिला कोयतेवाला लुंगी खोचून गाळात उतरला. त्याचा पाय पहिल्याच रोपावर पडला आणि त्याने तो उचलून दुसऱ्यावर ठेवला.

तिने बाटलीवर ओठ असे टेकवले की कुठे फट राहू नये, दातांनी चिंधी धरली, बूच जिभेने गालात घेतलं, आणि सोडायच्या आधी आत घेतलं. सगळं. धूर, तिखट, खारं पाणी, करपलेली कातडी, घाम. कोपऱ्यावर गाठणारा तो वास. छातीत ओळखीचं वजन येऊन बसलं, घरातल्या स्टुलावर बसतात तसं ऐसपैस. मग तिने स्वतःचं सोडलं. सूर बाटलीत उतरायला लागला, पाणी थरथरलं, काच ओठांना गरम लागली, आणि तो उतरतच राहिला, एका आठवड्याचा, त्याच्याही आधीचा, शाळेतल्या चित्रापासूनचा. संपला तेव्हा तिने बूच बसवलं आणि चिंधी घट्ट गुंडाळली.

शांतता झाली. गाळात खेकडे चालत होते त्यांच्या पायांचा आवाज यायला लागला. कोयतेवाला होता तिथेच थांबला, एक पाय उचललेला, कान टवकारलेले. लारबीकाकाने वही उघडली, पेन्सिल ओली केली, आणि समाधानाने एक पाऊल मागे घेतलं. अनवाणी पाय.

खेकड्याने त्याचा अंगठा धरला. लारबीकाकाचं तोंड उघडलं, गळ्याच्या शिरा दोरखंडासारख्या उभ्या राहिल्या, पासष्ट वर्षांचा आवाज एकदम वर आला. आणि तो बाहेर पडायच्या आत लामिलेचा तळवा त्याच्या तोंडावर घट्ट बसला. तिने हात उचलला होता हे तिला हात बसल्यावर कळलं. आणि मग ती बोलली. जाड, घोगरं, धुराने खरवडलेलं.

“ओरडू नकोस, खेकड्या. तुझ्या बापाला मेंढीचा दंड बसेल. मागच्यासारखं माझा हात चावू नकोस फक्त. मी नाही कुणाला सांगत.”

वही गाळात पडली. तळव्याच्या वर म्हाताऱ्याचे डोळे मोठे झाले होते आणि त्यांत खेकड्याने करंगळी धरलेला आठ वर्षांचा कुणीतरी उभा होता. त्याने वाकडी करंगळी मुठीत लपवली. लामिलेने हात काढला तेव्हा तो ओरडला नाही, अंगठ्याला खेकडा तसाच लोंबत असताना त्याने अगदी हळू विचारलं, “आडोले?”

कोयतेवाल्याने लांबून हातानेच विचारलं, झालं का? लारबीकाकाने नजर न हलवता वाकड्या करंगळीचा हात वर केला. झालं. कोयतेवाला मागे फिरला. वारा फिरला, दोनशे बारा बाटल्यांवरून गेला, आणि एकही बोलली नाही.

नाही काका, मी लामिले, असं सांगायला तिने तोंड उघडलं. जिभेवर धूर आणि आईचा घोगरा सूर आला. तिने तोंड मिटलं आणि दोन्ही हातांनी ते दाबून धरलं. बंदी उठायला अजून तेवीस दिवस होते.